चाक कुणाच्या मापाचं?

मैत्रिणींनो, हा लेख मोटारीच्या स्टिअरिंगविषयी आणि मोटारीत चढण्या-उतरण्याविषयी आहे. स्त्रियांच्या प्रश्नांना वाहिलेल्या अंकात हा विषय कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. म्हणून आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

आमची संस्था बायांना गाडी शिकवण्याचा वर्ग चालवते. गाडी आणि मास्तर एका ड्रायव्हिंग स्कूलचे. फॉर्म भरणं, लर्निंग लायसन्स काढून देणं, घरच्यांची समजूत घालणं हे काम आमचं. त्या तुकडीत अकरा जणी होत्या. त्यातली एक चार घरची धुणीभांडी करणारी, नवऱ्याने टाकलेली, दोन मुलांची आई. तिचं नाव इथे देत नाही. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची, असं तिने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास आणि मधल्या वेळात स्वतःची मुलं. तिचा हिशेब पक्का होता.

सहाव्या आठवड्यात मास्तर मला म्हणाले, ‘‘मॅडम, या बाईंना जमणार नाही. फार घाबरतात. स्टिअरिंगला चिकटून बसतात, माना उंच करकरून बघतात, क्लच अर्धाच दाबतात. गिअर नुसता करकरतो.’’

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली. माणसाच्या वागण्यामागचं कारण शोधायचं शिक्षण घेतलेली. तिच्याबरोबर तीन बैठका केल्या. नवऱ्याची मारहाण, सासरचं हिणवणं, माहेरचा आधार नसणं, सगळं तिच्याकडून ऐकलं. तिसऱ्या बैठकीत ती म्हणाली, ‘‘ताई, माझे पाय पुरत नाहीत.’’ मी मान हलवली आणि फाइलमध्ये लिहिलं : ‘आत्मविश्वासाचा अभाव. स्वतःविषयी कमीपणाची भावना. समुपदेशन चालू ठेवावे.’

पुढच्या आठवड्यापासून ती यायची बंद झाली.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी मी स्वतः सातव्या महिन्यात होते आणि रोज गाडी चालवून ऑफिसला जात होते. आमची गाडी साधी, सगळ्यात स्वस्त मॉडेल. एका सकाळी वळण घेताना स्टिअरिंगची खालची कड माझ्या पोटाला घासली. मी सीट मागे घेतली. पोट सुटलं, पण क्लच पुरा दाबायला पाय पुरेना. सीट पुढे घेतली की चाक पोटाला, मागे घेतली की पाय अधांतरी. भर रस्त्यात, मागून हॉर्न वाजत असताना, मला तिचं वाक्य आठवलं. ‘ताई, माझे पाय पुरत नाहीत.’ तिने मला तिच्या मनाविषयी काही सांगितलंच नव्हतं. ती पायांविषयी बोलत होती. तिची उंची पाच फुटांच्या आत होती. एवढी साधी गोष्ट मी तीन बैठका ऐकूनही ऐकली नव्हती.

दोष कुणाचा, तर बाईचा

आपण कार्यकर्त्या वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत की बाईला जमत नाही तेव्हा आधी व्यवस्था बघा. नोकरीत बाई टिकत नाही तेव्हा आपण पाळणाघर आहे का विचारतो. मुलगी शाळा सोडते तेव्हा शाळेत संडास आहे का विचारतो. मग बाईला गाडी जमत नाही म्हटल्यावर मी सीट आणि चाकातलं अंतर का विचारलं नाही? कारण यंत्र हे मला तटस्थ वाटत होतं. लोखंडाला काय स्त्री-पुरुष कळतं, अशी माझी समजूत होती.

लोखंडाला कळत नसेल, पण ते कापणाऱ्याला माप लागतंच. आणि ते माप कुणाचं तरी असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या मोजमापात भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट भरली आहे. पुरुषाची सुमारे 165 सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच. माझी स्वतःची उंची पाच फूट पाच इंच आहे. म्हणजे मोटार मला पहिल्यापासून मापाची वाटली ती मी हुशार किंवा धीट होते म्हणून नव्हे. माझ्या अंगात पुरुषाची सरासरी उंची होती म्हणून. आणि त्या उंचीच्या जोरावर मी दुसऱ्या बाईच्या धाडसाला गुण देत बसले होते! पोट वाढलं आणि माझं अंग त्या सरासरीतून बाहेर पडलं, तेव्हा माझी हुशारी एका सकाळीत संपली.

आता जरा गाडीत बसून बघू. चालकाला तीन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. पाय पेडलला पुरले पाहिजेत, डोळ्यांना बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसला पाहिजे आणि हात चाकावर सैल राहिले पाहिजेत. बुटकी बाई पायांसाठी सीट पुढे ओढते. सीट पुढे आली की चाक छातीशी येतं, कोपरं बरगड्यांना टेकतात आणि चाक वळवायला हात उरत नाहीत. रस्ता दिसत नाही म्हणून ती पाठ सोडून पुढे वाकते. बघणारा म्हणतो, ‘घाबरली, चिकटून बसली.’ ती बिचारी तीन टोकं एकत्र बांधायला बघत असते.

यावर उपाय नवा नाही. चाकाच्या दांड्याखाली एक खटका असतो. तो दाबून चाक वर-खाली करता येतं, त्याला टिल्ट म्हणतात. चाक पुढे-मागे सरकवता येतं, त्याला टेलिस्कोपिक म्हणतात. तिसरी सोय म्हणजे सीट उंच करण्याची. बुटक्या बाईला नुसत्या टिल्टने अर्धंच काम होतं, कारण तिला चाक छातीपासून लांब ढकलायचं असतं आणि टिल्ट ते करत नाही. नुसती सीट उंच केली तर पाय आणखी लांब जातात. म्हणून तिला तिन्ही सोयी लागतात. पण आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत स्वस्त मॉडेलला फार तर टिल्ट मिळतं. सीट उंच करायची सोय त्यावरच्या मॉडेलला आणि चाक पुढे-मागे करायची सोय त्याहून वरच्याला. म्हणजे उंच माणसाला गाडी मूळ किमतीत बसते आणि बुटक्या बाईने आपल्या उंचीची भरपाई म्हणून वरचे पैसे भरायचे.

गाडी घेतानाचा माझा अनुभव सांगते. शोरूममधल्या मुलाला मी विचारलं, चाक पुढे-मागे होतं का? त्याने माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं, ‘‘सर, ते टॉप मॉडेलमध्ये येतं.’’ मग माझ्याकडे वळून हसत म्हणाला, ‘‘मॅडम, तुमच्यासाठी यात आरसा दिलाय ना, मेकअपचा.’’

गुलाबी गाडी आणि मापाची गाडी

हा आरसा तसा जुना आहे. अमेरिकेत 1955 साली डॉज कंपनीने ‘ला फाम’ नावाची खास बायांसाठी म्हणून एक मोटार काढली. रंग गुलाबी, बरोबर गुलाबी पर्स, लिपस्टिक, छत्री. चाक, सीट, पेडल मात्र नेहमीचीच. दोन वर्षांत ती बंद पडली. बाईला काय हवं असेल याचा विचार झाला, तो तिच्या अंगाला सोडून झाला.

याच्या उलट, अंगाचा विचार कुठे झाला ते बघा. फोर्डच्या 1961च्या थंडरबर्ड मोटारीत चाक बाजूला सरकवता येत असे, कशासाठी, तर उतरताना-चढताना पोट आणि गुडघे अडकू नयेत. जनरल मोटर्सने 1963च्या गाड्यांपासून टिल्ट चाक द्यायला सुरुवात केली. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ हे तंत्र माणसाला माहीत आहे. सुरुवातीला ते महागड्या गाड्यांतून, ऐटीची सोय म्हणून आलं आणि आपल्याकडे आजही त्याची जागा तीच आहे. तंत्र तयार होतं. ते कुणासाठी गरजेचं आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

2004 साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात व्होल्व्हो कंपनीने एक नमुना मांडला, तो सगळा बायांच्या गटाने आखलेला होता. त्यात चालकाच्या अंगाचं माप घेऊन सीट, चाक आणि पेडल त्या मापाला लावायची योजना होती. दार वर उघडायचं आणि त्याखालची कड खाली जायची, म्हणजे पाय उचलून चढायला नको. या बायांनी रंगाला, आरशाला हात घातला नाही असं नाही, पण आधी विचार केला अंगाचा. ती गाडी बाजारात कधीच आली नाही. त्या वेळी तिची चेष्टाही पुष्कळ झाली. चेष्टा कशाची, तर सगळीकडे बॉनेट उघडावं लागत नाही याची!

प्रश्न फक्त सोयीचा नाही

कुणी म्हणेल, पाठीमागे उशी घ्या, काम भागतं. आमच्या मास्तरांनीही पुढे तेच सुचवलं. पण छाती चाकाला लागून बसणं हे धोक्याचं आहे. आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ही पिशवी चाकातूनच, पापणी लवायच्या आत, जोराने फुगते. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याचा सल्ला आहे की छातीचं हाड आणि चाकाचा मध्य यांत कमीत कमी दहा इंच, म्हणजे 25 सेंटिमीटर अंतर हवं. आपल्या भाषेत एक वीत आणि वर चार बोटं. गर्भारपणात चाकाचा रोख पोटाकडे नको, छातीकडे हवा, आणि पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून जायला हवा, असंही सांगितलं जातं. सल्ला योग्य आहे. पण ज्या गाडीचं चाक हलतच नाही त्या गाडीतल्या बाईने तो पाळायचा कसा?

मोटार आपटून बघतात त्या चाचणीत बाहुल्या बसवतात. जगभर वापरली जाणारी मुख्य बाहुली 1970च्या दशकात अमेरिकेत तयार झाली, मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मापाची, सुमारे 175 सेंटिमीटर उंच आणि 78 किलोची. म्हणजे आपल्या सरासरी पुरुषाहूनही चार बोटं उंच. स्त्रीची म्हणून जी बाहुली आली, ती मुळात पुरुषाचीच लहान केलेली, सुमारे 150 सेंटिमीटरची. अमेरिकेच्या समोरच्या धडकेच्या मानांकन चाचणीत ती बरीच वर्षं चालकाच्या शेजारी बसली, चाकामागे नाही. म्हणजे प्रयोगशाळेतही बाई सोबत बसणारी! युरोपात 2015 पासून एका चाचणीत ती चालकाच्या जागी आली. सरासरी स्त्रीच्या अंगाची खरीखुरी बाहुली स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली, ती 2022 साली जगापुढे आली. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 मध्ये भारत एनसीएपी या चाचण्या सुरू झाल्या, त्या समोरच्या धडकेसाठी पुरुषी मापाच्या बाहुल्या घेऊनच.

याचा परिणाम दिसतो. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पट्टा लावलेल्या स्त्री-चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुषापेक्षा 47 टक्क्यांनी जास्त आढळली. 2021 मध्ये तिथल्याच विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने हे आकडे पुन्हा तपासले. सारख्या गाड्या आणि सारख्या धडका घेतल्यावर फरक बराच कमी झाला, पायांच्या इजांत मात्र तो ठळक राहिला. दुसरा अभ्यास पहिल्याला खोडतो असं कुणाला वाटेल. मला तो आपल्या घरची गोष्ट सांगतो असं वाटतं. फरक कमी झाला तो कशामुळे? बाया लहान, हलक्या गाड्यांत जास्त असतात हे हिशेबात घेतल्यामुळे. घरात दोन गाड्या असल्या तर जुनी, छोटी गाडी कुणाच्या वाट्याला येते, हे मी सांगायला हवं का?

गाडीचा उंबरा

आता चढण्या-उतरण्याविषयी. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या लग्नाला निघताना पुतण्याची नवी, उंच गाडी दारात आली. आईंनी एक पाय उचलून बघितला, साडीचा घेर अडला, हाताला धरायला काही सापडेना. शेवटी दोन पुतण्यांनी काखेत हात घालून त्यांना आत बसवलं. सगळे हसत होते, प्रेमानेच हसत होते. आईही हसल्या. पण त्यानंतर कुठे निघायचं म्हटलं की त्या म्हणतात, ‘‘मला नको गं, तुम्ही जाऊन या.’’ बहिणीकडे जाणं थांबलं. पलीकडच्या गावातलं भजन थांबलं. घरातले म्हणतात, आईंना आता बाहेर पडायची आवड राहिली नाही. पुन्हा तेच! पाय पुरत नाही आणि आपण मनाचा आजार शोधतो.

सीट बसणाऱ्याच्या कुल्ह्याच्या उंचीला आली की माणूस खुर्चीत बसावं तसा बसतो. सीट खाली असली की बसताना अंग टाकावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. वर असली की चढावं लागतं. दाराखालची कड किती उंच आणि किती रुंद, दार किती उघडतं, वर धरायला कडी आहे का, यावर म्हाताऱ्या, गर्भार, अपंग आणि साडी नेसलेल्या बाईचं बाहेर पडणं ठरतं. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठाबरोबर फोर्ड कंपनीने 1994 साली एक पोशाख तयार केला. तो घातला की तरुण इंजिनिअरचे गुडघे, कोपरं आणि पाठ म्हाताऱ्या माणसासारखी आखडतात. त्या पोशाखात गाडीत बसून-उठून बघितल्यावर त्यांना दाराचं माप बदलावंसं वाटलं. माझ्या मते त्यांनी सोबत एक सहावारी साडीही नेसून बघायला हवी होती.

आपल्या कायद्याला साडी एकदा दिसली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 123व्या नियमाने दुचाकीच्या मागच्या चाकाला आवरण बसवणं सक्तीचं केलं, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. नियमात साडी हा शब्द नाही, पण सगळा देश त्याला साडीगार्डच म्हणतो. तो नियम चांगला आहे, त्याने पुष्कळ बाया वाचल्या असतील. पण बघा, बाईच्या अंगाची आणि कपड्याची आठवण झाली ती मागच्या सीटवर. चालकाच्या सीटवर ती बसेल, हे नियमाच्या ध्यानात यायचं अजून राहिलं आहे.

हा मध्यमवर्गीय प्रश्न आहे का?

आमच्या गटात हा विषय मांडला तेव्हा एक जुन्या कार्यकर्त्या म्हणाल्या, ‘‘अगं, पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायांच्या देशात तू मोटारीच्या खटक्याचं काय घेऊन बसलीस?’’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. 2019-21च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशातल्या दहा घरांतल्या एका घरातही मोटार नाही. ज्यांच्या दारात मोटार आहे त्यांच्या सोयीसाठी चळवळीने वेळ घालवावा, असं माझं म्हणणं नाही.

पण मोटार मालकीची असणं वेगळं आणि मोटारीवर पोट असणं वेगळं. माझ्या फाइलमधली बाई मोटार विकत घ्यायला आली नव्हती. ती चार घरची धुणीभांडी सोडून हातात एक कसब घ्यायला आली होती. शाळेची व्हॅन, घंटागाडी, टेम्पो, टॅक्सी या सगळ्या मालकाच्या गाड्या असतात आणि मालक स्वस्तातलं मॉडेल घेतो. म्हणजे न हलणाऱ्या चाकामागे जिला रोज आठ तास बसायचं आहे ती श्रीमंत बाई नव्हे. दिल्लीत आझाद फाउंडेशनने 2008 पासून गरीब वस्त्यांतल्या बायांना चालक म्हणून उभं केलं. आपल्या एस.टी.त 2023 साली महिला चालक रस्त्यावर आल्या. दार उघडलं, याचा आनंद आहेच. पण आत गेलेल्या बाईला बसायची जागा तिच्या मापाची नसेल, तर सहा महिन्यांनी पाठ धरून ती घरी येईल आणि सगळे म्हणतील, बघा, संधी दिली होती, टिकली नाही.

आणि वडापच्या जीपमध्ये बाळंतपणासाठी नेली जाणारी बाई, ॲम्ब्युलन्सच्या मागच्या उंच पायरीवर अडखळणारी म्हातारी, एस.टी.ची पहिली पायरी गाठायला हाताने गुडघा उचलणारी बाई, या सगळ्यांचा प्रश्न तोच आहे. माप कुणाचं घेतलं?

एक चांगलं उदाहरणही आपल्यासमोर आहे. पुण्यातल्या बाया दुचाकीवर दिसतात याचं बाहेरच्यांना फार कौतुक. 1984 साली कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायला नको, बटण दाबलं की सुरू, पुढे पाय ठेवायला सपाट जागा, साडी नेसूनही बसता येईल अशी. त्याच बाया, तेच रस्ते, तीच घरं. एका वर्षात सगळ्यांचा आत्मविश्वास वाढला होता का? यंत्राने चार पावलं बाईकडे टाकली आणि बाई उरलेली चार स्वतः चालून गेली. समुपदेशनाची गरज पडली नाही.

मग करायचं काय?

मला चार गोष्टी सुचतात. पहिली, पुढे-मागे आणि वर-खाली होणारं चाक आणि उंच होणारी सीट ही प्रत्येक गाडीत, सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्येही, कायद्याने यायला हवी. सीटचा पट्टा आणि एअरबॅग टॉप मॉडेलपुरत्या आहेत असं आता कुणी म्हणत नाही, कारण कायदा झाला. दुसरी, आपल्या देशातल्या चाचण्यांत भारतीय स्त्रीच्या मापाची बाहुली चालकाच्या खुर्चीत बसायला हवी. तिसरी, सरकार आणि नगरपालिका आपल्या पैशाने ॲम्ब्युलन्स, घंटागाड्या, बस विकत घेतात. त्यांच्या निविदांत चालकाच्या उंचीची पाच फुटांखालची मर्यादा, पायरीची उंची आणि धरायची कडी लिहून घ्यायला लावणं हे आपल्या हातातलं काम आहे. रेशन आणि पाण्यासाठी आपण निवेदनं दिलीच आहेत की.

चौथी आपल्या स्वतःसाठी. गाडी शिकवणाऱ्या संस्थांनी पहिल्या दिवशी गिअर शिकवू नये, बसायला शिकवावं. सीट, चाक, आरसा लावून घ्यावा. टेप घेऊन छाती ते चाक अंतर मोजावं. उतरताना आधी चाक वर करावं, सीट मागे घ्यावी, दोन्ही पाय एकत्र बाहेर काढावेत आणि मग उभं राहावं, हे दाखवावं. आणि कुणी म्हणालं की पाय पुरत नाहीत, तर आधी पाय बघावेत. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला एखादी गाडी दारात उभी करा आणि सगळ्या जणी आळीपाळीने चाकामागे बसा. ज्यांना गाडी येत नाही त्याही बसा. एक वीत आणि चार बोटं अंतर किती जणींना मिळतं ते लिहून आम्हाला पाठवा. असे आकडे आपल्याकडे कुणी गोळा केले नाहीत, तर आपण करू.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर मी तिच्या घरी गेले. तिने आता पाचवं घर धरलं होतं. मी माझी चूक सांगितली. ती हसली, म्हणाली, ‘‘ताई, मी तेच तर सांगत होते. तुम्ही नवऱ्याचंच विचारत राहिलात.’’ एका मैत्रिणीने तिची गाडी रविवारी दिली, तिचं चाक आणि सीट दोन्ही हलत होतं. तिसऱ्या रविवारी गिअर करकरायचा थांबला. पाचव्या महिन्यात तिने आरटीओची परीक्षा पास केली. मास्तर तेच होते. ते म्हणाले, ‘‘आता भीती गेली त्यांची.’’

आज ती शाळेची व्हॅन चालवते. व्हॅन मालकाची आहे, तिचं चाक हलत नाही. पाठीमागे घडी केलेली सतरंजी ठेवून ती बसते आणि छाती चाकापासून वीतभरही लांब नसते. मागे मुलं बसलेली असतात. गोष्ट इथे संपली असं म्हणायला माझं मन धजत नाही.

तिच्या फाइलमधलं माझं वाक्य मी खोडलं नाही. त्याच्याखाली तारीख घालून एवढंच लिहिलं : ‘गाडी तिच्या मापाची नव्हती.’ तुमच्या कपाटातल्या फाइली एकदा उघडून बघाल का?